अधिवेशनापुरती बस

बंगलोरला आल्यापासून माझ्या नवऱ्याला बससाठी ताटकळावं कधी लागलंच नाही. तो एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता आणि कारखान्याच्या स्वतःच्या बसगाड्या होत्या. सकाळी गाडी आमच्या वळणावर येऊन उभी राहायची, खिडकीपाशी त्याची ठरलेली जागा असायची, आणि हा अजून बुटाची नाडी बांधत असला तर ड्रायव्हर दमाने एकदा हॉर्न वाजवायचा. अशा माणसाला सिटी बसचं दुःख काय सांगायचं? मी वैतागून घरी आले की तो म्हणायचा, "अगं, थोडं लवकर निघत जा ना." ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. बनशंकरीच्याही पलीकडे नवी वसाहत होत होती, तिथे आम्ही लहानसं घर बांधलं होतं. जागा स्वस्तात मिळाली. ती का स्वस्त होती ते राहायला गेल्यावर कळलं. नळाला पाणी त्याच्या मर्जीने यायचं. रस्त्यावर दिव्यांचे खांब होते, दिवे नव्हते. टेलिफोनवाले खणून जायचे, मग पाइपवाले येऊन तेच पुन्हा खणायचे. आणि बस आमच्यापर्यंत यायचीच नाही, अलीकडेच देवळापाशी वळसा घालून परत जायची. तिथपर्यंत चालत जायचं, मिळेल त्या बसने मार्केट गाठायचं, मार्केटच्या चिखलातून आणि भाजीच्या टोपल्यांमधून वाट काढत पलीकडच्या थांब्यावर जायचं, आणि तिथून राजाजीनगरची बस पकडायची. माझी शाळा राजाजीनगरला होती.

लग्नाआधी मी नागपूरला हिंदी शिकवत होते. लग्न करून इथे आले आणि पुढची कितीतरी वर्षं मी फक्त अमक्याची बायको आणि तमक्याची आई होते. कानडी धड येत नव्हतं, म्हणून दुकानात बोट दाखवून सामान घ्यायचं आणि शेजारणींच्या घोळक्यात हसतमुख उभं राहायचं. मग या शाळेने मला एका वर्षासाठी तात्पुरती शिक्षिका म्हणून घेतलं. वर्ष नीट पार पडलं तर कायम करणार होते. ही नोकरी मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती. घर काही माझ्या पगारावर चालत नव्हतं. पण मी वर्गात शिरले की पोरं उभी राहायची ती माझ्यासाठी, आणि या शहरात दुसऱ्या कुठल्याच ठिकाणी मी कोण आहे याने कुणाला फरक पडत नव्हता.

मुख्याध्यापिका बाई कडक होत्या, पण न्यायी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शिकवणं जमेल तुम्हाला, ते मी पाहिलंय. वेळ जमते का ते आता बघू." पहिला तास माझाच असायचा. उशीर झाला की हजेरीपटावर लाल रेघ. जून संपेपर्यंत माझ्या नावापुढे इतक्या लाल रेघा जमल्या की कारकून मला पाहून कसनुसा हसायला लागला.

आमच्या शेजारी अक्का राहायच्या. घराणं मराठी, पण चार पिढ्या बंगलोरात काढलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. सगळी वसाहत त्यांना अक्काच म्हणायची आणि सगळी वसाहत त्यांना थोडी वचकूनही असायची. माझा मुलगा शाळेतून त्यांच्याकडेच जायचा. एकदा मी संध्याकाळी त्याला घ्यायला गेले आणि त्यांच्या पायरीवर बसून चक्क रडले. अक्कांनी मला रडू दिलं, कॉफी दिली आणि म्हणाल्या, "स्वल्प ऐक माझं. बसवाल्यास्नी विचारून काय होणार नाही. आमदारास विचारायचं. उद्या सकाळी जाऊया की आपण दोघी."

आमदार विरोधी पक्षातले होते. सकाळी त्यांच्या ओसरीवर माणसांची रांग असायची. कुणाला रेशनकार्ड हवं, कुणाला सरकारी दवाखान्यात खाट हवी. आमची पाळी आली तेव्हा अक्कांनी अशा काही कानडीत माझी कहाणी सांगितली की मलाच माझी दया आली. आमदारांचा चेहरा खुलला. गाऱ्हाणं ऐकून खुललेला चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले, "सभागृहात प्रश्न विचारतो. तुम्ही मला प्रश्न लिहून द्या. नीट, नेमका लिहा." पुढे माझ्या लक्षात आलं की त्यांना प्रश्न विचारायची मनापासून आवड होती. निवडणुकीच्या पत्रकात ते आपण किती प्रश्न विचारले ते छापायचे. उत्तरं काय मिळाली ते छापत नसत.

नीट आणि नेमकं लिहायचं म्हटल्यावर नवऱ्याच्या अंगात उत्साह संचारला. कारखान्यात त्याचं कामच ते, यंत्राच्या भागाची मापं केसभरही इकडेतिकडे होऊ नयेत असं लिहायचं. त्याने रविवारची सगळी दुपार खर्ची घातली. मी म्हटलं, "अहो, सरळ लिहा ना, आमचे हाल होतात, बस द्या." तो म्हणाला, "त्याला प्रश्न नाही म्हणत, ती रड झाली." शेवटी जे तयार झालं ते असं: सदर वसाहतीतून राजाजीनगरला जाण्यासाठी थेट बस नाही, हे खरे आहे काय? असल्यास, ती सुरू करण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली? आमदार वाचून खूष झाले. इतका स्वच्छ प्रश्न त्यांच्याकडे क्वचित येतो म्हणाले.

जुलैत अधिवेशन भरलं आणि एका सकाळी आमच्या वळणावर खरीखुरी बस उभी. पाटीवर राजाजीनगर. मी आधी चुकून आली असेल असंच समजले. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "हत्ती, मॅडम, हत्ती." कानडीत हत्ती म्हणजे चढा. वसाहतीने त्या बसला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, अक्कांनी नारळ फोडला. मी खिडकीपाशी बसून, मार्केटचा चिखल न तुडवता, पहिल्या घंटेच्या आधी शाळेत पोचले. रोज पोचले. मुख्याध्यापिका बाईंना मी होऊन सांगितलं, "आता थेट बस सुरू झालीय. यापुढे माझी तक्रार यायची नाही." त्यांनी मान हलवली आणि पुढच्याच आठवड्यात मला दहावीचा वर्ग दिला.

प्रश्न ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून अक्कांबरोबर मी सभागृहाच्या गॅलरीत बसायला गेले. तिथे पायावर पाय टाकून बसायचं नाही, हसायचं नाही, कुजबुजायचं नाही. अक्कांनी यातलं तिसरं पाळलं नाही, म्हणून मला काय चाललंय ते कळलं. एका आमदाराने विचारलं, तालुक्याच्या दवाखान्यातलं एक्सरे मशीन बंद का आहे. मंत्री म्हणाले, मशीन चालू आहे, फिल्म उपलब्ध नाही. दुसऱ्याने पाण्याचं विचारलं. उत्तर आलं, पाइप टाकलेले आहेत. मग पाणी का येत नाही? त्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारावा लागेल. खाली लोक बाकं वाजवत होते, कुणी झोपलं होतं, कुणी शेजाऱ्याला काहीतरी सांगून हसत होतं. हसायची बंदी फक्त वर बसलेल्यांना होती.

मग आमचा प्रश्न आला. मंत्र्यांनी चष्मा लावून वाचलं: हे खरे नाही, सदर मार्गावर थेट बस नियमित सुरू आहे. कार्यवाहीबद्दलचा पुढचा प्रश्न उद्भवत नाही. कानडी मला फारसं कळत नव्हतं, पण "उद्भविसुवुदिल्ल" हा शब्द कुणी समजावून द्यावा लागला नाही. आमचे आमदार मिशीला हात लावत बसले. मला काहीतरी खटकलं, पण बस तर खरोखरच येत होती. खोटं कुठे होतं त्यात?

अधिवेशन उठलं त्याच्या पुढच्या सोमवारी मी वळणावर उभी राहिले. माझ्यामागे रांग लागली. बस आली नाही. मंगळवारीही नाही. मी धावतपळत दोन बस बदलून शाळेत गेले तेव्हा दहावीच्या वर्गावर स्वतः मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. "बस बंद झाली," मी म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खडू माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळी मी रागारागाने डेपोत गेले. तिथला कंट्रोलर टेबलावर डबा उघडून बसला होता. माझं सगळं ऐकून घेऊन तो अगदी सहज म्हणाला, "अधिवेशन मुगीतु, अम्मा." म्हणजे अधिवेशन संपलं. आणखी काय समजावून सांगायचं, अशा नजरेने तो माझ्याकडे पाहत राहिला. प्रश्न आला की वरून आदेश येतो, उत्तराच्या दिवशी बस चालू असली पाहिजे. मग कुठल्यातरी दुसऱ्या मार्गावरची गाडी काढून इकडे लावायची, आणि काम झालं की परत तिकडे. मी विचारलं, "मग इतके दिवस त्या दुसऱ्या मार्गावरचे लोक काय करत होते?" तो म्हणाला, "ओरडत होते. पण त्यांच्या आमदाराने प्रश्न विचारला नव्हता ना."

घरी येऊन हे सांगितलं तर नवरा हसला. मग माझं तोंड पाहून त्याने प्रश्नाची नक्कल काढली. म्हणाला, "प्रश्नात आपण 'थेट बस नाही' असं म्हटलं. त्यांनी ती दाखवली. 'कायमस्वरूपी' हा शब्द घालायला हवा होता." मला त्या क्षणी तो शब्द त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

हिवाळ्यात अधिवेशन भरलं तेव्हा पुन्हा प्रश्न, पुन्हा बस. या वेळी हार नाही, नारळ नाही. लोक चढले, उतरले, आणि रोज एकमेकांना विचारत राहिले, किती दिवस चालणार सभागृह? वसाहतीतल्या ज्या माणसांनी आयुष्यात कधी राजकारणाची बातमी वाचली नव्हती ती सकाळी पेपर उघडून अधिवेशन लांबतंय का ते पाहायला लागली. विरोधकांनी सभात्याग केला की आम्ही घाबरायचो. आमच्या अक्का तर आमदारांना जाऊन म्हणाल्या, "प्रश्न द्या, पण विचारू नका. लोंबकळत ठेवा की. प्रश्न हाय तोवर बस हाय." आमदार दुखावले. विचारायचाच नाही तर प्रश्न कशाला म्हणाले.

त्यांनी विचारला. नवऱ्याने घातलेल्या "कायमस्वरूपी" या शब्दासकट विचारला, वर आवाज चढवून उपप्रश्न केला की ही बस अधिवेशनानंतरही राहील का. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, ती राहील असं मी या सभागृहाला आश्वासन देतो. बाकं वाजली. अधिवेशन उठलं, सोमवार आला, बस गेली.

यावर आमदार निवांत होते. ते म्हणाले, आता मंत्री अडकले. सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात की नाही हे बघायला आमदारांचीच एक समिती असते. ती प्रत्यक्ष येऊन पाहते, आणि खातरजमा झाल्याशिवाय आश्वासन मिटवत नाही. "समितीला तुमच्या वळणावर आणतो," ते म्हणाले. मला पहिल्यांदा थोडी आशा वाटली. दरम्यान शाळेत माझं बोलणं दर थोड्या दिवसांनी बदलत होतं. बस सुरू झाली, बस बंद झाली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद. मुख्याध्यापिका बाई एकदा फक्त म्हणाल्या, "एक काय ते नक्की ठरवा." कायम करायचं की नाही हे मार्चमध्ये ठरणार होतं.

समिती फेब्रुवारीच्या शेवटी यायची ठरली. आता वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही सगळे जण हाल दाखवायच्या तयारीला लागलो असू. छे. पाहुणे यायचे म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच गोष्ट सुचते. वळणावरचा कचरा उचलला गेला. थांब्यासमोर सडा पडला, कुणीतरी मोठी थोरली रांगोळी घातली. महाराष्ट्रातून आलेल्या चार घरांनी मिळून उप्पीट, शिरा आणि कॉफी ठरवली. मी म्हणत होते, अहो, ते आपली गैरसोय पाहायला येताहेत, त्यांना गैरसोय दिसू द्या. त्यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, मोठी माणसं दारात येणार, असं कसं?" शेवटी मीही कपाटातून इरकली साडी काढली. उप्पीट माझ्याच घरी झालं.

समिती यायच्या चार दिवस आधी बस सुरू झाली, हे सांगायला नकोच. ठरलेल्या दिवशी ती वेळेच्या आधी येऊन, धुऊनपुसून, रांगोळीपलीकडे उभी होती. आमदारांच्या गाड्या आल्या, साहेब लोक उतरले, पेपरवाले उतरले. वसाहतीच्या वतीने कुणी बोलायचं, तर माझा नवरा. इंग्रजी चांगलं, बोलणं मुद्देसूद. त्याने आदल्या दिवशी सुट्टी टाकून सगळी हकीगत पाठ केली होती, बस कधी आली, कधी गेली, सगळी. मी त्याला म्हटलं होतं, "काहीही विचारलं तरी आधी हे सांगा, की बस अधिवेशनापुरतीच येते." तो म्हणाला, "सांगतो ना. विचारतीलच ते."

समितीच्या अध्यक्षांनी शिरा संपवला, रुमालाने हात पुसले आणि विचारलं, "इथे बस येते?"

नवरा म्हणाला, "येते."

"थेट राजाजीनगरला जाते?"

"जाते."

"आज वेळेवर आली?"

"वेळेच्या आधी आली."

"या आठवड्यात रोज आली?"

"रोज आली."

अध्यक्ष म्हणाले, "छान." बस समोरच उभी होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? नवरा पुढच्या प्रश्नाची वाट पाहत तोंड किंचित उघडं ठेवून उभा राहिला. त्याच्याजवळ सगळी उत्तरं तयार होती. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. मी कॉफीचा ट्रे घेऊन दोन माणसं ओलांडून पुढे झाले आणि म्हटलं, "सर, ही बस नेहमी येत नाही." मी हिंदीत बोलले. घाईत दुसरं काही सुचलं नाही. अध्यक्षांनी ट्रेमधला पेला उचलला, घोट घेतला आणि हसून म्हणाले, "वेरी गुड कॉफी, अम्मा." त्यांना माझं बोलणं कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सगळे हसले. सवयीने मीही हसले. तेवढ्यात गाड्या सुरू झाल्या.

त्या दुपारी मी नवऱ्याशी जे भांडले ते पुन्हा कधी भांडले नाही. तो एकच म्हणत होता, "मी खोटं काय बोललो ते सांग." आणि खरंच, त्यात खोटं काहीच नव्हतं. जुलैपासून मी एकच गोष्ट पाहत होते. कुणीही खोटं बोलत नव्हतं, मंत्री नाही, खातं नाही, माझा नवरा नाही, आणि तरीही मी रोज सकाळी मार्केटच्या चिखलात उभी होते. मला कुणाला तरी खोटारडा म्हणायचं होतं आणि म्हणायला माणूस सापडत नव्हता. तो बिचारा जेवला नाही, मीही जेवले नाही.

समितीने आश्वासन पूर्ण झालं असं लिहिलं. बस गेली. या वेळी तिचं काहीच कुठे उरलं नाही, ना प्रश्न, ना आश्वासन. मार्चमध्ये एका सकाळी मी दोन बस बदलून, घामाने निथळत शाळेत पोचले, तेव्हा शिपायाने सांगितलं, आधी ऑफिसात जा.

मुख्याध्यापिका बाईंनी मला बसायला सांगितलं. त्यांच्यासमोर एक कानडी पेपर होता, काही दिवसांपूर्वीचा. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. फोटो होता. मागे बस, पाटीवर राजाजीनगर असं ठळक दिसत होतं. पुढे समितीचे अध्यक्ष हातात पेला घेऊन, आणि त्यांच्या शेजारी इरकली साडीत, ट्रे धरून, चांगले सगळे दात दिसतील अशी हसणारी मी.

"या तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"खाली लिहिलंय, थेट बस नियमित सुरू आहे, रहिवाशांनी समाधान व्यक्त केलं. तुमच्या यजमानांचं नावसुद्धा आहे."

मी सगळं सांगितलं. जुलैची बस, डेपोतला कंट्रोलर, आश्वासन, शिरा, सगळं. बाईंशी मी हिंदीतच बोलायचे आणि माझी हिंदी एरवी बरी असते, पण त्या दिवशी माझंच मला पोरकट वाटत होतं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मंत्री सभागृहात सांगतात बस आहे. आमदारांची समिती येऊन पाहते, बस आहे. पेपर छापतो, बस आहे. तुमचे यजमान म्हणतात, आहे. तुम्ही स्वतः बसपुढे उभ्या आहात. आणि रोज सकाळी तुम्ही मला सांगता, बस नाही. मी कुणाचं खरं मानू?"

"सगळ्यांचंच खरं आहे," मी म्हटलं. ते ऐकायला किती वाईट लागतं हे मला बोलता बोलताच कळलं.

बाईंनी पेपरची घडी घातली आणि म्हणाल्या, "उशीर मी समजून घेतला असता. माझ्या शिक्षिका लांबून येतात, मला माहीत आहे. पण खोटं कारण सांगणारी बाई मी मुलांपुढे कशी उभी करू?" त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. वर्ष संपलं की माझं काम संपणार होतं. तास चालू होता म्हणून मी उठून वर्गावर गेले. पोरं उभी राहिली. मी त्यांना बसा म्हणायचं विसरले आणि ती तशीच बराच वेळ उभी राहिली.

घरी आल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याची गाडी सोडून दिली आणि माझ्याबरोबर निघाला, बाईंना स्वतः भेटून सगळं सांगतो म्हणून. देवळापर्यंत चालला, दारात लोंबकळत मार्केटला उतरला, एका टोपलीला अडखळला. राजाजीनगरच्या बसची वाट पाहताना त्याने दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं. शाळेत पोचलो तेव्हा पहिला तास संपत आला होता. न विचारता तो बाईंपुढे भडाभडा बोलला, त्याच्या उभ्या आयुष्यात बोलला नसेल इतकं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे तुम्ही समितीला सांगायला हवं होतं. नवीन शिक्षिकेचा आदेश कालच गेला."

जुलैत अक्का आमच्या पायरीवर येऊन बसल्या. अधिवेशन जवळ आलं होतं आणि त्या उत्साहात होत्या. "आमदार सरी म्हणालेत, तयार हायत. परत प्रश्न घालूया की. ह्या खेपेस तुझ्या नवऱ्याकडून नको, मीच सांगते काय लिहायचं ते."

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "घाला अक्का. लोकांची सोय होईल. मला आता कुठे जायचं नाहीये."